भूत, फौजदार आणि पडदा

चोरामागें लागलेला फौजदार आणि भुतामागें लागलेला मांत्रिक हीं दोन माणसें आपल्याकडे एकाच घरीं येतात खरीं, पण एकाच वेळीं सहसा येत नाहींत. मांत्रिक आधीं येतो. त्याचें काम फसलें, अगर फारच साधलें, म्हणजे मागाहून फौजदार येतो. दोघांचे धंदे परस्परांच्या उलट आहेत. फौजदाराला देहधारी कर्ता पाहिजे. ज्याच्या हातांत बेडी घालतां येत नाहीं त्याचें नांव त्याच्या कागदांत शोभत नाहीं. मांत्रिकाचें सारें सामर्थ्य कर्ता अदृश्य असण्यांतच सांठविलेलें असतें. असें असतां या दोघांस एका कथेंत गुंफून चित्रपट काढण्याची कल्पना ज्याला सुचली, तो मनुष्य चतुर म्हटला पाहिजे.

अशा चित्रपटांपैकीं अमेरिकेंत २०१४ सालीं निघालेला ‘डिलिव्हर अस फ्रॉम ईव्हल’ हा पुष्कळांच्या पाहण्यांत आला असेल. दिग्दर्शक स्कॉट डेरिक्सन. न्यूयॉर्कच्या पोलीस दलांतील राल्फ सार्ची या सार्जंटानें लिसा कॉलियर कूल या लेखिकेच्या साहाय्यानें आपले अनुभव म्हणून जें पुस्तक २००१ सालीं प्रसिद्ध केलें, त्याचा आधार या चित्रपटास घेतला आहे. इराकांत लढावयास गेलेल्या शिपायांना तेथील एका भुयारांत कांहीं तरी अमंगळ भेटतें. तें त्यांच्यासवें न्यूयॉर्कांत ब्राँक्स भागीं येतें. आणि तेथें एक आई आपलें मूल प्राणिसंग्रहालयांतील सिंहांच्या खंदकांत टाकते. येथून सार्जंटाचा तपास सुरू होतो. सार्चीची भूमिका एरिक बाना यानें केली असून मेंडोझा नांवाच्या धर्मगुरूचें काम एडगार रामिरेझ यानें केलें आहे. अखेरीस पछाडलेल्या शिपायाला पोलीस ठाण्यांतल्या चौकशीच्या खोलींतच बसवितात, आणि जेथें जबाब घ्यावयाचा तेथें भूत काढण्याचा विधि होतो. भीतीचा भाग चांगला साधला आहे. पाऊस, अंधार, भिंतीमागचा खरखराट, सर्व यथास्थित. कुटुंबांतील लहान मुलांस हा चित्रपट दाखवूं नये.

मला त्यांत खटकलें तें भूत नव्हे. भूत हें कथेचें भांडवल आहे; तें नाकारून चित्रपट पाहावयास बसणें म्हणजे मीठ वर्ज्य करून लोणचें मागण्यासारखें आहे. खटकलें तें निराळें. या सार्जंटाच्या पूर्वायुष्यांत एक काळी गोष्ट आहे. लहान मुलाच्या बाबतींत घोर पातक केलेल्या एका मनुष्यास त्यानें संतापाच्या भरांत मरेपर्यंत बडविलें होतें. ती गोष्ट तो धर्मगुरूपाशीं कबूल करतो, धर्मगुरु त्यास पापमुक्त करतो, आणि मग भुताशीं झुंजण्याची पात्रता त्याच्या अंगीं येते. कथेच्या दृष्टीनें हा सांधा सुबक आहे. परंतु ज्या ठाण्यांत एक मनुष्य पोलिसाच्या हातून मेला, त्या ठाण्याच्या दप्तरांत या कबुलीची एक ओळहि पडत नाहीं, आणि प्रेक्षकालाहि ती पडावीशी वाटत नाहीं, हें विलक्षण आहे. सैतानाच्या भीतीपुढें माणसाच्या हातून झालेला खून किरकोळ ठरतो.

मराठींत याच जातीची एक कथा विनोदाच्या अंगानें केव्हांच येऊन गेली. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ हा १९९३ चा चित्रपट ठाऊक नाहीं असें घर विरळा. तात्या विंचू हा गुंड मृत्युंजय मंत्राच्या बळानें मरतेवेळीं आपला जीव बाहुल्यांत घालतो आणि इन्स्पेक्टर त्या बाहुल्यामागें धांवतो. मूळ बेत १९८८ च्या अमेरिकन ‘चाइल्ड्स प्ले’चा आहे; पण दिलीप प्रभावळकर, लक्ष्मीकांत बेर्डे आणि रामदास पाध्ये यांचा बाहुला यांनीं तो इतका मराठी केला कीं उसनवारी कोणाच्या ध्यानींहि राहिली नाहीं.

राजसत्ता आणि मंत्रतंत्र यांची गांठ आपल्या जुन्या वाङ्मयांत मात्र हसण्यावारी नेलेली नाहीं. कौटिल्याचें अर्थशास्त्र १९०९ सालीं म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं छापून प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून विद्वान् मंडळी त्यांतील करभार आणि मंडलसिद्धांत यांवरच फार लिहितात. ‘कंटकशोधन’ नांवाचें चौथें अधिकरण वाचावें. तें आजच्या फौजदारानेंहि वाचण्यासारखें आहे. तेथें सिद्धपुरुषाचा वेष घेतलेले हेर चोरांच्या टोळींतील तरुणांस गांठतात आणि झोंप आणणारा, दार उघडणारा, अदृश्य करणारा मंत्र आपल्याजवळ आहे अशी भुरळ घालतात. मग त्यांना एका गांवीं नेतात. गांवकऱ्यांशीं आधींच ठरलेलें असतें. मंत्र म्हणतांच पहारेकरी झोंपेचें सोंग घेतात, दार आपोआप उघडतें, आणि समोरून जाणाऱ्या चोराकडे कोणी पाहतच नाहीं. चेल्याची खात्री पटली म्हणजे तो खुणेच्या घरीं चोरी करावयास धीटपणें शिरतो व पकडला जातो. दुसऱ्यावर अभिचार करणारांनाहि असेंच सापळा लावून धरावें आणि देशाबाहेर घालवावें, असें त्यानें सांगितलें आहे. मंत्र खरा कीं खोटा या वादांत कौटिल्य शिरतच नाहीं. माणूस मंत्रावर विश्वास ठेवतो एवढें त्याला तपासापुरतें पुरेसें आहे.

याच ग्रंथाच्या पांचव्या अधिकरणांत याहून कडवट गोष्ट आहे. खजिना रिता झाला असतां हेरांनीं झाडावर राक्षस असल्याचा देखावा करावा, तो नरबळी मागतो अशी आवई उठवावी, आणि मग त्याच्या शांतीसाठीं नगरवासी व ग्रामवासी यांजकडून सोनें गोळा करावें असा सल्ला त्यांत दिला आहे. भूत कोण दाखवितो आणि पैसा कोणाच्या पेटींत पडतो, हा प्रश्न आपल्या देशांत किती जुना आहे हें यावरून दिसेल.

आतां आमच्याच मुलुखांतल्या गोष्टीकडे येतों. हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजीं झाला; त्यापूर्वीं तो परभणी जिल्ह्याचा भाग होता. त्याच परभणी जिल्ह्यांत मानवत नांवाचें बाजाराचें गांव आहे. १४ नोव्हेंबर १९७२ पासून ४ जानेवारी १९७४ पर्यंत, म्हणजे सुमारें चौदा महिन्यांत, तेथें पांच लहान मुली, एक वर्षाचें तान्हें मूल आणि चार स्त्रिया अशा दहा जीवांचा वध झाला. शेवटच्या दिवशीं तर एक आई व तिच्या दोन मुली एकदमच गेल्या. बहात्तरचा दुष्काळ होता. बायकामुलें खडी फोडण्याच्या कामावर, सरपणाला, पाण्याला लांबलांब जात. घरीं थांबून भागत नव्हतें. मी तेव्हां सहावींत होतों. मानवत आमच्यापासून बरेंच दूर, तरी दिवेलागणीनंतर आमच्या गल्लींतली एकहि मुलगी ओट्यावर दिसत नसे, आणि पिंपळाच्या पाराकडे तर भर दुपारींहि कोणी फिरकत नसे. वडील माणसें आपसांत बोलत आणि आम्ही जवळ गेलों कीं गप्प होत.

पिंपळाचें कारण असें. फिर्यादी पक्षाचें म्हणणें होतें कीं, वाड्यांतील पिंपळाखालच्या मुंजोबाला तुष्ट करून गुप्तधन मिळवावें आणि अपत्यप्राप्ति व्हावी, या हेतूनें हे बळी घेतले गेले. मुंजा म्हणजे मुंज होऊन सोडमुंज होण्यापूर्वीं मेलेला बटु. आपल्या घरांतील वृद्ध स्त्रिया त्याचें नांव घेतांना अजूनहि आवाज खालीं आणतात. ज्या कल्पनेंत आपण वाढलों, ज्याची गोष्ट आजीनें झोंपवितांना सांगितली, तीच कल्पना कोणाच्या हातीं लागून कोयता झाली, हें मला त्या प्रकरणांतलें सर्वांत अस्वस्थ करणारें वाटतें. मुंजानें कोणास मारलें नाहीं. त्याच्या नांवावर माणसांनीं मारलें.

स्थानिक पोलिसांस धागा सांपडेना, तेव्हां मुंबईच्या गुन्हे अन्वेषण शाखेंतील रमाकांत कुलकर्णी यांजकडे तपास आला. १९६८ सालीं मुंबईंत रस्त्यावर निजलेल्या माणसांचे खून करणाऱ्या रामन राघवचें प्रकरण ज्यांनीं तडीस नेलें तेच हे अधिकारी. गांव भीतीनें मुकें झालें होतें. साक्षीदार भुताला भितात कीं धनवंताला, याचाहि उलगडा नव्हता, आणि माझ्या मतें दोन्ही भीतींचें मूळ बहुधा एकच असावें. अखेरीस गुन्ह्यांत सामील असलेल्या दोघांस माफीचे साक्षीदार करण्यांत आलें आणि खटला उभा राहिला.

तो खटला ‘दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नांवानें १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयांत निकालास लागला. निकालपत्र न्यायमूर्ति यशवंत विष्णु चंद्रचूड यांचें. कायद्याचे विद्यार्थी तें आजहि वाचतात, तें मुंजोबासाठीं नव्हे. माफीच्या साक्षीदाराच्या शब्दावर किती विसंबावें, हा त्यांतील मुख्य प्रश्न. गुन्ह्याचा भागीदारच गुन्हा सांगत असतां, त्याच्या सांगण्यास महत्त्वाच्या तपशिलांत आणि प्रत्येक आरोपीच्या बाबतींत निराळा असा दुजोरा पाहिजे, हें सूत्र तेथें कसोशीनें लावलें आहे. त्यामुळें कांहींची शिक्षा टिकली. परंतु ज्यांच्या सांगण्यावरून हें सर्व घडलें असा आरोप होता तीं दोघें वरिष्ठ न्यायालयांतून दोषमुक्त ठरलीं. लोकांनीं ज्यांस मनांत कधींच फांशी दिली होती, त्यांना पुराव्यानें सोडलें.

आणखी एक गोष्ट त्या निकालपत्रांत आहे, आणि तीसाठींच मीं वर अमेरिकन सार्जंटाच्या काळ्या गोष्टीचा उल्लेख लांबविला. दहा निरपराध जीवांच्या खुनाचा खटला पुढें असतांना, देशभर संताप असतांना, न्यायालयानें पोलिसांस बजावलें कीं, अफाट अधिकार हातीं असलेल्या पोलिसांना गुन्हा उघडकीस आणण्याच्या उत्साहांत, एकांतांत हातीं लागलेल्या माणसावर बळ चालविण्याचा मोह होतो. तो मोह उगवतांच खुडला पाहिजे. इतक्या अघोर प्रकरणांतहि हें सांगावयास धैर्य लागतें. सैतान समोर असल्यामुळें सार्जंटास सर्व माफ, असें या न्यायालयानें म्हटलें नाहीं.

मानवतच्या प्रकरणावर दोनदां पडदा उघडला. पहिला ‘आक्रित’, १९८१ चा. अमोल पालेकर यांनीं दिग्दर्शित केलेला पहिलाच चित्रपट, पटकथा विजय तेंडुलकर यांची. फ्रान्सांत नांत येथील महोत्सवांत त्याचा गौरव झाला, पण आपल्याकडे तो थोड्यांनीं पाहिला. त्यांत भुताचा मागमूस नाहीं. भूक, लोभ आणि एका बाईची वांझपणाची धास्ती एवढ्यावर तो उभा आहे, आणि म्हणूनच अंगावर येतो. दुसरी २०२४ ची आठ भागांची ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका, दिग्दर्शक आशीष बेंडे. हिला आधार कुलकर्णी यांच्याच इंग्रजी आठवणींचा असून त्यांची भूमिका आशुतोष गोवारीकर यांनीं केली आहे. सोनाली कुलकर्णी, मकरंद अनासपुरे, सई ताम्हणकर यांचीं कामें चोख आहेत. येथें फौजदार दरवाजे ठोठावतो, कागद चाळतो, साक्षीदाराच्या गप्प राहण्याची नोंद ठेवतो. कंटाळवाणें वाटेल, परंतु भुताचा पाठलाग खरोखर असाच करावा लागतो. मालिका प्रौढांसाठींच आहे, हें पुन्हां सांगणें अवश्य.

‘माझ्या अंगांत दुसऱ्यानें शिरून हें केलें’ या बचावाचें मोल काय, हाहि प्रश्न आपल्या कथांना नवा नाहीं. वनपर्वांतील नलोपाख्यानांत, पाय न धुतां संध्येस बसलेल्या नळाच्या शरीरांत कलि शिरतो. नळ राज्य हरतो, निजलेल्या दमयंतीला अरण्यांत टाकून जातो, आणि पुढें भेट झाल्यावर हें मीं केलें नाहीं, कलीनें केलें, असें तिला सांगतो. दमयंतीनें तें मानलें. पत्नी मानूं शकते. न्यायाधीश मानूं शकत नाहीं. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेचें २२ वें कलम, आणि त्याआधींच्या दंडसंहितेचें ८४ वें, मनाच्या विकृतीमुळें आपण काय करतों हें न कळणाऱ्यास सूट देतात. त्यांत रोगाला जागा आहे, कलीला नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं हें सर्व पाश्चात्त्य विचारांचें बांडगूळ आहे. त्यांनीं चरकसंहितेंतील निदानस्थानाचा सातवा अध्याय उघडावा. आयुर्वेदाच्या आठ अंगांत भूतविद्या आहे, आगंतु उन्मादाचें वर्णनहि त्या अध्यायांत आहे. तरी चरकाचार्य अखेर असें सांगतात कीं, जो स्वतःच आपल्या करणीनें क्लेशांत पडलेला नाहीं त्याला देव, गंधर्व, पिशाच, राक्षस यांपैकीं कोणीहि क्लेश देत नाहीं, म्हणून दोष प्रज्ञापराधाला द्यावा, देवादिकांस नव्हे. वैद्यानें हें दोन हजार वर्षांपूर्वीं लिहून ठेवलें.

तरीहि मराठवाड्यांत भानामती अगदीं काल-परवांपर्यंत घरोघर होती. घरावर दगड पडावे, दोरीवरचीं वस्त्रें पेटावीं, अंगावर फुल्या उठाव्या, बायका कुत्र्यासारख्या भुंकाव्या. फुल्या बिब्ब्याच्या तेलानें उठतात हें ज्या बाईनें कधीं बिब्बा घातला आहे तिला सांगावयास नको. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन टाकलें असतां थोड्या वेळानें आपोआप ज्वाळा निघते. शाळेच्या प्रयोगशाळेंतलें हें काम आहे. भुंकणें मात्र निराळें. तें बहुधा सोंग नसतें, आणि म्हणूनच त्याची थट्टा करणाऱ्यांचा मला राग येतो.

सुमारें दहा वर्षांपूर्वीं, सेनगांव तालुक्यांतील एका खेड्यांत मी मुख्याध्यापक असतांना, चौदा वर्षांची एक विद्यार्थिनी भुंकूं लागली. गांवानें ठरविलें कीं ही भानामती, आणि ती करणारी म्हणजे वेशीपलीकडे एकटी राहणारी एक विधवा म्हातारी. लोकांनीं तिच्या खोपटासमोर जमून तिला धमकावलें, ढकललें. पोलीस आले ते या म्हातारीसाठीं; भुतासाठीं नव्हे. महाराष्ट्राचा नरबळी व जादूटोणा प्रतिबंधाचा कायदा तेव्हां नवा होता. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत खून झाला, त्यानंतर चारच दिवसांनीं वटहुकूम निघाला आणि डिसेंबरांत कायदा झाला. या कायद्यानें इन्स्पेक्टरच्या अगर त्याहून वरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यास दक्षता अधिकारी केलें आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. कोणाला करणी करणारा ठरवून त्याचा छळ करणें, भूत उतरविण्याच्या मिषानें माणसास दोरानें वा साखळीनें बांधणें, मारणें, मिरचीची धुरी देणें हीं सर्व अनुसूचींत आहेत. अमेरिकन चित्रपटांतला तो शेवटचा विधि आमच्या ठाण्यांत झाला असता, तर धर्मगुरु आणि सार्जंट या दोघांनाहि बराच खुलासा करावा लागला असता.

तपासाला आलेले जमादार पन्नाशींतले होते आणि त्यांच्या दंडांत ताईत होता. त्यांनीं मुलीला हात लावला नाहीं, कोणावर ओरडले नाहींत. म्हातारीला धमकावणाऱ्यांचीं नांवें लिहून घेतलीं. मग शाळेंत येऊन मला विचारलें, “गुरुजी, ही पोर शाळेंत किती डाव भुंकली?”

“एकदांहि नाहीं,” मीं सांगितलें.

“मग हजेरीपट दाखवा बरं.”

हजेरीपट आणि मुलीच्या आजीनें सांगितलेले दिवस त्यांनीं शेजारीं शेजारीं ठेवले. ज्या ज्या दिवशीं ती घरीं भुंकली, त्याच्या आदल्या दिवशीं किंवा त्याच दिवशीं तिला पाहावयास पाहुणे आले होते. पाहुणे नसत त्या दिवशीं भानामती नसे. जमादार बराच वेळ त्या दोन कागदांकडे पाहत बसले. मग म्हणाले, “गुरुजी, हे भूत माझ्या कायद्यात बसत न्हाई, पण बापाला बालविवाहाचा कायदा समजून सांगता येईल.” तसें त्यांनीं संध्याकाळीं पारावर बसून, चहा घेऊन, न रागावतां सांगितलें. मुलीला हिंगोलीच्या सरकारी रुग्णालयांत नेण्यांत आलें. चार महिने औषध चाललें. लग्न पुढें गेलें. ती दहावी उत्तीर्ण झाली, मग कॉलेजांत गेली नाहीं. एकोणिसाव्या वर्षीं तिचें लग्न झालें.

धमकावणाऱ्यांनीं म्हातारीची माफी मागितली आणि तिनें ती दिली, असें पंचायतींत लिहिलें गेलें. पण ती पंधरा दिवसांत वसमतकडे भावाच्या गांवीं निघून गेली. तिच्या खोपटाचें कुडण पुढच्या पावसाळ्यांत बसलें. जागा ओसाड आहे. गांवांतलीं मुलें अजूनहि तिकडून जात नाहींत.